भुरीचं पोतं

सिंदी मेघे, १२ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. रूपरावदादास,
धाकट्या शकुंतलेचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण इथं फोन स्पीकरवर लावतेत अन् अख्खं घर आयकते. तुह्या गोठ्यात मांजरायची जत्रा राहते, म्हणून तुलेच विचारतो. जाम गावच्या माह्या दुकानातून इथं आणल्यापासून आपली भुरी पलंगाखाली बसून हाय. पोटाचे केस चाटून चाटून टक्कल केलं. वाळूचा टब सोडून सूनबाईच्या पायपुसण्यावर मुतते. दूध दिलं तर हगवण. घडीघडी दारापाशी ओरडते. माजावर आली म्हणाव, तर तिचं ऑपरेशन झालेलं हाय. सूनबाई चिडते, धीरज म्हणते आई, तुह्या मांजरीचं कायतरी कर. तिसऱ्या मजल्यावर मी काय करू?

माह्या डोळ्याची पट्टी निघाली. बरं दिसते. माया असू देजो.

शकुंतला

केळझर, १९ नोव्हेंबर

चि. शकुंतलेस, दादाचे अनेक आशीर्वाद.

माह्या तब्येतीचं एका अक्षरानं विचारलं नाई, सारं पत्र मांजरीचं. असो. ढोराच्या डॉक्टरले विचारलं. मोठ्या मांजरीले दूध पचत नाई, बंद कर. टब निवांत जागी ठेव, वाळू रोज बदल. मुतताना कुंथत असन तर त्याच दिवशी दवाखान्यात ने. तसं नसन तर तो म्हणे कोंडल्याचा घोर हाय, चाटणं त्याच्यानंच.

मले एकच समजत नाई. मांजर हलवताना पोत्यात टाकाचं, ही आपल्या घरची रीत. रस्ता दिसला नाई का जुनं घर विसरते. मी सोता पोत्याचं तोंड बांधलं होतं. मंग ही काऊन विसरली नाई?

जीवाले जपजो.

रूपराव

सिंदी मेघे, २८ नोव्हेंबर

ती. स्व. दादास, शि. सा. न.

दूध बंद केलं, हगवण थांबली. टब न्हाणीत ठेवला, पायपुसणं वाचलं. पण भुरी खिडकीच्या जाळीले नाक लावून बसते अन् चाटत राहते.

तू विचारलं काऊन विसरली नाई. मले ठाऊक हाय, कारण मलेही तसंच आणलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीच दिसत नव्हतं. धीरज म्हणे पट्टी निघेपर्यंत चाल. निघाली तवा समजलं का जामच्या दुकानाले कुलूप लागलं अन् किल्ली त्याच्याजवळ हाय. पोरगा वाईट नाई. मी दुकानात पडली तवापासून त्याले भेव वाटते. पण जिना एकटीनं उतरू देत नाई. माहा जीव कोंडून राह्यला दादा. तू ये. भुरीले ने अन् मलेही ने. मामाचं तो आयकते.

तुही वाट पाहतो.

शकुंतला

केळझर, ६ डिसेंबर

चि. शकुंतलेस, अनेक आशीर्वाद.

धीरजशी बोललो. पोरगा रडला. म्हणे मामा, बाबा दुकानासमोरच्या हायवेवरच अपघातात गेले, आईले तिथं ठेवणार नाई. मांजर खुशाल न्या. मी केळझरले आणतो म्हटलं, तर म्हणे लोकं काय म्हणतीन, पोरगा असून माय भावाकडे. पुढं माहं चाललं नाई. जामले तुह्या दुकानाशेजारची रुख्माबाई भुरीले चहाच्या टपरीवर सांभाळते म्हणे. पंधरा तारखेच्या रविवारी पोतं घेऊन येतो.

रागावू नको.

रूपराव

सिंदी मेघे, १० डिसेंबर

ती. स्व. दादास, शि. सा. न.

राग आला होता, खोटं काऊन बोलू. तुह्यावर नाई. भुरीले ने. रुख्माबाईले सांगजो, दूध देऊ नको म्हणा.

पण पोतं आणू नको. टोपली आणजो, वरून जाळी बांधजो, अन् गाडीत खिडकीपाशी ठेवजो. प्रत्येक फाट्यावर तिले बाहेर पाहू देजो. जामचा चौक आला का टोपली उचलून धरजो. जामले कसं जाचं, हे आमच्या दोघीतून एकीले तरी ठाऊक पाहिजे.

तुह्या मायेची,
शकुंतला