उजव्या डोळ्यातली बुरशी

४ जून
ती. ताईंना,
सा. न. वि. वि.
सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण तुमच्यापासून काय लपवायचं? खुर्चीचा पाय तासताना लाकडाची कपची यांच्या उजव्या डोळ्यात उडाली. शेजाऱ्यांकडचे उरलेले थेंब टाकले. लाली गेली, ठणका मात्र वाढला आणि बुबुळावर पांढरा ठिपका आला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तो जरासा खरवडून तपासला. म्हणाल्या, लाकडासोबत बुरशी आत गेली, आणि त्या स्टेरॉइडच्या थेंबांनी तिला रान मोकळं मिळालं. आता बुरशी मारणारं औषध दिलंय, तासातासाला थेंब. झोंबतं फार. ठिपका आहे तेवढाच आहे, काही उपयोग नाही म्हणून हे कालपासून डोळाच उघडू देत नाहीत. तुम्ही चार शब्द लिहा.
तुमचा जीव आहे आमच्यावर, तो तसाच राहू द्या.
तुमची भावजय

९ जून
चि. भाऊस,
अ. उ. आ.
लहानपणी औषध पाजताना मी तुझं नाक दाबायचे. ते हात अजून शाबूत आहेत. अरे, ओल्या फळीत बुरशी शिरली तर तू एकदा पुसून सोडतोस का? ठिपका वाढला नाही, हाच गुण समज. सुतार असून एवढी घाई? रविवारी मी येतेय. तोवर बायकोचं निमूट ऐक.
काळजी करणारी,
ताई

२ सप्टेंबर
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
हे मी स्वतः लिहितोय. अक्षराचा दोष डोळ्याला देऊ नकोस, ते आधीपासूनच असं आहे. काल थेंब बंद झाले. बुरशी गेली. धुरकट व्रण राहिलाय, पण डोळा वाचला. तू डोकं मांडीवर घेऊन थेंब टाकलेस, शिव्याही घातल्यास. तू गेल्यावर हिने दोन्ही तसंच चालू ठेवलं. डॉक्टरीणबाईंचे आभार मानले, तर म्हणाल्या, घरच्यांचे माना, बाटलीतच राहिलेलं औषध कुणाला बरं करत नाही.
घरी आलो, आभार मानायला हिच्यासमोर उभा राहिलो. डावा डोळा झाकून हिच्याकडे बघितलं. तिने विचारलं, काय दिसतंय? म्हटलं, तूच, जराशी धूसर. हातातली भांडी तशीच टाकून ती रडली, ताई. मीही.
तुझी माया अशीच ओरडत राहो.
तुझा,
भाऊ