थांब, आईला देतो

प्रिय टिटवे,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. माझंच आहे. तुझ्या लग्नानंतर मी तुला लिहिलेलं हे पहिलंच पत्र, आणि आईच्या सांगण्यावरून लिहिलेलं नाही. गेल्या रविवारी तुझा फोन आला, 'आई, काही ऐकू येत नाही गं' असं ओरडलीस आणि लाइन खराब आहे म्हणून ठेवून दिलास. लाइन खराब नव्हती. त्याबद्दल सांगतोच, पण क्रमाने. मधूनच सुरू केलेली गोष्ट मला सांगता येत नाही, हे तू जाणतेस.

पंधरा दिवसांपूर्वी, चर्चच्या बुधवारच्या अभ्यासवर्गात मी पुन्हा येशूच्या आईवर, मरीयेवर बोललो. हसू नकोस. या वेळी तुझ्या सासरच्या कॅथलिक मंडळींची पुस्तकं मिळवून, पेन्सिलने खुणा करत वाचली होती. आपल्या प्रोटेस्टंटांतले काही जण बेधडक म्हणतात, कॅथलिक लोक तिला देवच मानतात. मी स्वच्छ सांगितलं की हे खोटं आहे आणि आळशीपणाचंही आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कृपा ख्रिस्ताचीच. मरीया आई म्हणून आपल्यासाठी विनवते, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांच्या मते प्रत्येक कृपा तिच्या हातूनच आपल्यापर्यंत येते. आमचं म्हणणं, तिला धन्य जरूर म्हणा, पण कृपा तिलाही मिळालीच आहे, आपल्यासारखी. घेणाऱ्याला देणारा करू नका. मध्यस्थ एकच, ख्रिस्त. अजून बरंच होतं, पण पाळकसाहेब म्हणाले, "मिस्त्री, कृपेला अंत नाही, पण लोकांची शेवटची बस आहे."

तुझ्या सासरचं ते जेवण आठवतं का, लग्न ठरायच्या आधीचं? तुझ्या सासऱ्यांनी आपल्या बेकरीतला पाव माझ्यापुढे ठेवला आणि बोलता बोलता विषय काढला. मी म्हणालो, झरा समोर असताना मध्ये नळ कशाला? तर व्याही पोट धरून हसले. "अहो, जन्मभर नळ जोडून पोट भरलंत आणि म्हणता मध्ये नळ नको!" मी म्हणालो, नळ पाणी तयार करत नाही. ते म्हणाले, "तेच तर आम्ही म्हणतोय!" तेव्हा मी सांगितलं, पण माझ्या नळापुढे कुणी मेणबत्ती लावत नाही. यावर त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पाव ठेवला. विहीणबाई इतका वेळ मुकाट्याने वाढत होत्या. त्यांनी अगदी सहज विचारलं, "तुमच्या लेकीला काही हवं असलं तर ती आधी कुणाला सांगते हो?" तुझी आई तोंडावर रुमाल धरून हसली. तू ताटात बघत राहिलीस. मी म्हणालो, माणसाच्या घरावरून देवाचं घर ठरवू नये. उत्तर बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

पण परतताना सगळा रस्ता मला तुझी सायकल आठवत होती. शाळा लांबची झाली तेव्हा तू सायकलसाठी आईच्या मागे लकडा लावलास आणि आईने माझ्या मागे. मी ती आधीच बघून ठेवली होती. सांगाडा सरळ आहे ना, आऱ्या सैल नाहीत ना, सगळं तपासून दुकानदाराला बाजूला ठेवायला सांगितलं होतं. कुणी मागितलं नसतं तरी आणलीच असती. ज्या दिवशी आणली त्या दिवशी तू धावत जाऊन आईच्या गळ्यात पडलीस. "आई, तू मिळवून दिलीस!" मी अंगणात साखळीला तेल घालत होतो. आईने तुला सांगितलं, अगं बाबांनी आणली. तू लांबूनच म्हणालीस, "थँक्यू बाबा." माझं सगळं वाचन त्यानंतरचं आहे हे खरं, पण मरीयेचा विषय निघाला की मला का राहवत नाही, हे तुला त्या सायकलवरून जास्त कळेल.

तुझ्या लग्नात तू फुलांचा गुच्छ घेऊन मरीयेच्या मूर्तीसमोर गेलीस, त्या वेळी मी चर्चबाहेर आलो. ते मला आजही चुकीचं वाटत नाही. जे मनाला पटत नाही त्यापुढे मी उभा राहत नाही. आई आत बसून राहिली. तू वळून आधी दाराकडे पाहिलंस, हे तिने मला नंतर सांगितलं. तुझ्याविषयी मला जे काही ठाऊक आहे ते असं तिनेच सांगितलेलं. तुझी नोकरी, तुझी नवी खोली, मध्यंतरीचं तुझं आजारपण. माझ्याविषयी तुलाही तसंच.

आता रविवारचं. फोन माझ्या खुर्चीजवळ, म्हणून नेहमी मीच उचलतो. तू विचारतेस, "बाबा, बरे आहात ना?" मी म्हणतो, "थांब, आईला देतो." त्याही दिवशी तोंडातून तेच गेलं. लांब वायर मीच जोडलेली, तिच्यासकट फोन आत नेला आणि आईच्या कानाला लावला. टिटवे, त्याच्या आधीच्या मंगळवारी आईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जिवाचा धोका टळलाय म्हणून शनिवारी घरी पाठवलं; बोलणं परत येईल का, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तिला कळतं सगळं. तुला लगेच का कळवलं नाही, म्हणशील. घरातली प्रत्येक बातमी तुला आईच कळवते, आणि मी खुळ्यासारखा ती कळवेल म्हणून थांबलो. तू "आई, आई" म्हणत होतीस तेव्हा तिने डाव्या हाताने फोन माझ्या छातीकडे ढकलला. मला उमगलं नाही. तिने पुन्हा ढकलला. मी कानाला लावेपर्यंत तू ठेवून दिला होतास.

त्यानंतर चारदा फोन फिरवायला बसलो. पण तुझा आवाज आला की तोंडातून पुन्हा तेच तीन शब्द जातील अशी भीती वाटली, म्हणून लिहितोय. माझं मत बदललेलं नाही, बदलायचंही नाही. पण तू ये. विहीणबाईंना यायचं असेल तर येऊ देत. त्यांनी आईच्या उशाशी बसून त्यांच्या पद्धतीने मागितलं तरी मी खोलीबाहेर जाणार नाही. मी माझं मागेन, सरळ. आणि निघण्याआधी फोन कर. काय हवं, काय आणू, माझ्यावर रागावायचं असेल तर तेही, सगळं मला सांग. या खेपेला मी फोन कुणालाही देणार नाही.

तुझाच,
फोनजवळच्या खुर्चीतून न हललेला
बाबा