शिडी कोण धरणार

शेवटचे अक्षर रंगवून खाली उतरलो आणि शिडी धरून उभ्या असलेल्या टपालवाल्या बाईंना म्हणालो, लगेच जाऊ नका, साक्षीदार हवा आहे. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. मी हाताचा रंग पुसून मृत्युपत्र लिहायला बसलो.

मी, दुकानांच्या पाट्या रंगवणारा, वय एकाहत्तर, अविवाहित. डोके ठिकाणावर आहे. हात कापतात, पण वकील म्हणाले, कायदा डोके पाहतो. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करावी एवढी इस्टेटही नाही.

१. राहती खोली व बँकेतली शिल्लक वहिनींना. एकवीस वर्षे त्यांच्या हातचा डबा आला. दादाला खोलीत बसायची मुभा आहे.

२. कुंचले, रंग आणि मोठी शिडी पुतणीला. घरात तिला खार म्हणतात. चार वर्षे माझ्या हाताखाली आहे. तिची वेलांटी आता माझ्याहून डौलदार येते. दादाला, म्हणजे तिच्या वडिलांना, हे मान्य नाही. "शिडी घरात आली तर मी घराबाहेर," असे तो जेवताना म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "जाताना छत्री न्या."

३. चौतीस वर्षांपूर्वी बेकरीची पाटी रंगवताना शिडी दादाने धरली होती. 'हा आलोच' म्हणून तो चहाला गेला. मी पडलो, पाय मोडला. एका अनोळखी हमालाने मला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवले. परत जाऊन रंगाचा डबाही आणून दिला, झाकण लावून. नाव विचारायचे राहिले. दादाने त्यानंतर शिडीला हात लावला नाही. मी रागावलो होतो. तो घाबरला होता, हे मला फार उशिरा कळले.

४. तेव्हापासून मी वाटेवरच्या माणसाला हाक मारतो, जरा धरता का? मास्तरांनी धरली, भाजीवालीने धरली. रस्ता अडवला म्हणून दंड करायला आलेल्या पोलिसानेही धरली. पाटी पुरी होऊ दिली, मग दंड केला. मध्येच सोडून कोणी गेले नाही. ओट्यावरचे बाकडे या सर्वांचे. वकील म्हणाले, बिननावाचा वारस चालत नाही. म्हणून कागदावर ते पुतणीचे, बसायचे इतरांनी. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही म्हणतात. बाई विचारतात, बाकड्यावर आपण बसलो तर साक्ष बाद होईल का? माहीत नाही. तोवर त्या उभ्या आहेत.

५. या पत्राची अंमलबजावणी दादाने करावी. म्हणून हे त्याला आज संध्याकाळीच वाचून दाखवावे. उद्या सकाळी पुतणी पहिल्यांदा एकटीने पाटी रंगवणार आहे, शिंप्याच्या दुकानाची. शिडी वाटेवरचा कोणीही धरेल, त्यावाचून अडणार नाही. पण ती दादाने धरावी, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी त्याने मी मरायची वाट पाहू नये.

घरातल्या प्रत्येकाला काहीतरी मिळते आहे, म्हणून साक्षीदार रस्त्यावरचे घेतले.

सही: पाट्या रंगवणारा
साक्षीदार: १. टपालवाल्या बाई (उभ्याने सही) २. चष्म्याच्या दुकानातला कारकून
(दोघांची नावे व पत्ते मागील बाजूस.)
स्थळ: दुकानाचा ओटा. दिनांक: सात, सोमवार.

पुरवणी, मंगळवार: सकाळी आठ वाजता दादा आला आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभा राहिला. शिंप्याने चहा पुढे केला. "खाली ठेवा," दादा म्हणाला. पाटी पुरी होईपर्यंत चहा निवून गेला.