उलटा करा आणि गुणा

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे मजेत. तुझे गुडघे काय म्हणतात? फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायच्या आधी एकदा वाचशील, एवढी मी तुला ओळखते.

आधी बातमी. आमचा सातवीचा वर्ग वाचला! पोरं गणितात कच्ची म्हणून वर्ग मोठ्या शाळेत हलवायचा घाट घातला होता ना, तो बारगळला. मंगळवारी तपासणी झाली.

अधिकारी मॅडमनी फळ्यावर अर्धा भागिले पाव मांडलं. पोरांनी उत्तर काढलं, दोन. मॅडम म्हणाल्या, "भागल्यावर संख्या वाढली कशी?" मी उत्तर द्यायला पुढे होणार, तर आमची टिटवी, वर्गातली सगळ्यात बडबडी पोरगी, कागदाची पट्टी घेऊन उठली. "मॅडम, अर्ध्या पट्टीत पाव पट्टी किती वेळा मावते, एवढंच विचारलंय की. दोनदा मावते!" मॅडमनी स्वतः घडी घालून बघितली. म्हणाल्या, "मला हे कुणी सांगितलंच नव्हतं." आणि तिथल्या तिथे शेरा लिहिला, वर्ग इथेच राहावा. ताई, या वयात मी व्हरांड्यात नाचले गं!

हे पट्टीचं सगळं फोनवरच्या शिक्षकांच्या ग्रुपवरून आलं. हो, तू रागाने सोडलास तोच. तुझ्यासाठी बोललेला निरोप चुकून तिथे बाराशे जणांना गेला: "वीस वर्षं 'उलटा करा आणि गुणा' शिकवतेय, पण का उलटा करायचा ते मलाच कळत नाही. लहानपणी तूही समजावलं नाहीस ताई, नुसत्या छड्या मारल्यास." तू तिथे सगळ्यांची लाडकी, सगळे तुला मोठ्या बाई म्हणतात. तुझी शोभा झाली, कबूल.

पण तासाभरात चाळीस जणांनी लिहिलं, आम्हालाही कळत नाही! मग कुठल्याशा लांबच्या शाळेतले एक सर दर गुरुवारी व्हिडिओवर कागदाच्या घड्या घालून शिकवायला लागले. आमच्याकडे रेंज फक्त ऑफिसच्या खिडकीत. फोन गजाला बांधायचा आणि मी समोर स्टुलावर, शहाण्या पोरीसारखी. पोरांच्या वह्यांचे फोटो सकाळी टाकले की दुपारपर्यंत कुणीतरी नेमकं कुठे अडलंय ते सांगायचं. मला एकटीला सात जन्मांत जमलं नसतं.

आता खरं सांगते. निरोप चुकून गेला, पण मिनिटाभरात माझ्या लक्षात आलं होतं. पुसता आला असता. पुसणारच होते, तेवढ्यात पहिलं उत्तर आलं, "बाई, मलाही नाही कळत." मग नाही पुसला. तुझ्या अब्रूपेक्षा मला ते उत्तर मोठं वाटलं. तुला दुखावलं त्याची माफी मागते. बोलले त्याची नाही मागणार.

एक विचारू? चिडू नकोस. मला मारताना तुझेच डोळे भरायचे, ते मी पाहिलंय. तेव्हा वाटायचं, माया. आता वाटतं, तुलाही कुणी समजावलं नव्हतं. आणि सगळ्यांच्या मोठ्या बाईंनी विचारायचं तरी कुणाला? चौतीस वर्षं शिकवलंस आणि हे एकटीने पोटात ठेवलंस, वेडे!

मला विचार. जन्मभर तू सांगितलंस आणि मी ऐकलं, आता एकदा मला सांगू दे.

तुझी,
एकोणपन्नासाव्या वर्षी भागाकार कळलेली
धाकटी