सोमवारचे तांदूळ

प्रिय हौसामावशी,

तुम्ही गेलात त्याला आज महिना झाला. त्या सकाळी शाळेच्या खिडकीतून तुमच्या दारापुढची गर्दी मला दिसत होती. शंभर पावलांवर तर घर तुमचं! मी वर्गात सातचा पाढा म्हणून घेत राहिले. आले नाही. कुठल्या तोंडाने येणार होते?

आज तुमची सून रेखा शाळेत आली होती. तिने जे सांगितलं ते ऐकल्यापासून मला गप्प बसवत नाही. तुम्ही असताना बोलायचं ते आता कागदावर लिहिते आहे. हे वाचायला तुम्ही नाही आहात, एवढं मला कळतं. पण दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटते.

मी या शाळेत नवी आले आणि पोषण आहाराचं काम माझ्याकडे आलं, तो पहिला आठवडा आठवतो? सोलापुरातून स्कूटीवर यायची मी. शाळेची खिचडी शिजवता शिजवता तुम्ही माझ्या डब्यात डोकावलात आणि म्हणालात, "बाई, किती पातळ ह्या पोळ्या! फुकलं तर होटगीला जाऊन पडतील की." सगळ्या मुली हसल्या. मलाही हसू आलं, आणि खरं सांगू, थोडा रागही आला. बोलण्यात तुम्ही कुणाला हार जायच्या नाहीत. मग त्या एकाच दिवशी तुमची जीभ कुठे गेली होती, मावशी?

शुक्रवार होता. पोत्यांच्या मागे मला तेलाचा जुना पत्र्याचा डबा सापडला. झाकण उघडलं तर आत तांदूळ. शाळेचेच. शाळा समितीवरचे पालक नेमके आलेले होते, मुलं ताटं घेऊन व्हरांड्यात रांगेत उभी होती. मी तो डबा सगळ्यांच्या मध्ये आणून ठेवला. तुम्हाला बाजूला बोलावून विचारता आलं असतं की! पण मला त्या दिवशी शहाणपण दाखवायचं होतं.

"हे कुणाचे तांदूळ?"

"पोरांचंच हायत की, बाई."

"मग लपवून का ठेवले?"

तुम्ही रांगेकडे पाहिलंत. मग खुर्च्यांवर बसलेल्या माणसांकडे. आणि मान खाली घातलीत. मला वाटलं, सापडली चोरी! मी म्हणाले, "लेकरांच्या तोंडचा घास चोरताना काहीच कसं वाटलं नाही तुम्हाला?" हे शब्द माझे आहेत. दुसऱ्या कुणी माझ्या तोंडी घातलेले नाहीत.

तुम्ही पदर खोचलात आणि एवढंच बोललात, "पोरास्नी वाढून जाती. गरम हाय तवर खाऊ द्या." शेवटच्या ताटात खिचडी पडेपर्यंत तुम्ही वाढत होतात. मग भांडं घासून पालथं घातलंत आणि गेलात. सोमवारी नवी बाई कामावर आली.

माझी चूक मला कधी कळली, सांगू? आज नाही. तेव्हाच, तिसऱ्या सोमवारी. नवी बाई बिचारी मापाने शिजवायची. दुसऱ्यांदा मागायला मुलं आली तेव्हा भांड्याचा तळ दिसत होता. पहिलीतली एक चिमुरडी रिकामं ताट घेऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "बाई, हौसाआज्जी कवा येनार? सोमवारी ती लई वाढती."

रविवारी शाळा नसते, म्हणजे खिचडीही नसते. उन्हाळ्यात रानात काम नसलं की कितीतरी घरांत रविवारी एकदाच चूल पेटते, तीही संध्याकाळी. मुलं सोमवारी दुप्पट खातात हे मी दर आठवड्याला बघत होते, पण का खातात हे मी कधी विचारलं नाही. तुम्हाला विचारावंही लागलं नाही. मंगळवारपासून रोज मूठमूठ बाजूला काढून सोमवारच्या भांड्यात टाकत राहिलात. आणि हे रांगेसमोर कसं सांगणार होतात? कुणाच्या घरी रविवारी काय शिजतं हे त्या मुलांच्या देखत, खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या बापांच्या देखत? त्यांची अब्रू राखायला तुम्ही तुमची घालवलीत.

मला हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं तरी चाललं असतं, मला कळायला हवं होतं! माझी आई सोलापुरात विड्या वळायची. शाळेत खायला कोरडी सुकडी मिळायची, त्यातली अर्धी मी धाकट्या भावासाठी फ्रॉकच्या खिशात लपवायची. एकदा आमच्या बाईंनी ते पाहिलं. त्या न पाहिल्यासारखं करून फळ्याकडे वळल्या आणि लिहायला लागल्या. त्यांचे उपकार मी अजून विसरलेले नाही. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी काय केलं, तर तुमचा डबा उचलून चारचौघांत आणला.

कळल्यावर तरी बोलायचं होतं. नाही बोलले. तुमच्याविरुद्धची तक्रार माझ्या सहीने गेली होती. वरच्या साहेबांनी माझ्या दक्षतेचं कौतुक केलं होतं. आता मागे कसं फिरायचं? तीन वर्षं मी हेच स्वतःला सांगत आले. तुम्ही रस्त्यात भेटायचात, "बरं हाय का, बाई?" म्हणायचात. मी "हो हो" म्हणत स्कूटी पुढे काढायची. एकदा तरी मला अडवून चार शिव्या हासडल्या असत्या तर? तेवढाही राग का केला नाहीत माझ्यावर?

आता रेखाचं ऐका. म्हणजे तुम्हाला त्यातलं अर्धं माहीतच आहे.

तुमची नात स्वाती मधल्या सुट्टीत शाळेत जेवत नाही. मला वाटायचं, घर जवळ आहे, आज्जीच्या हातची गरम भाकरी सोडून ती खिचडी कशाला खाईल? रेखा आज दारातच उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही.

"बाई, त्या दिवसापासनं पोरं तिला तांदूळचोराची नात म्हनत्यात. म्हनून ती तुमच्या पंगतीत बसत न्हाय. आत्या व्हत्या तवर दुपारी भाकर नि शेंगाची चटनी द्यायच्या. आता आमी दोघं सकाळीच कामावर. घराला कुलूप असतंय की, बाई."

"मग ती दुपारी जाते कुठे?"

"घरीच. वट्यावर बसती. घंटा झाली की परत येती. मला काय म्हनाली न्हाय, शेजारणीनं काल सांगितलं." मग म्हणाली, "आत्या म्हनायच्या, बाईंना काय बोलू नगं, त्यांची नोकरी हाय. पण आता पोरगी उपाशी हाय. तेवढं चोरीचं नाव पुसून टाका."

मावशी, तुमचं तेरावं झाल्यापासून आजपर्यंत! माझ्या खिडकीतून तो ओटा दिसतो. माझ्या शाळेतली पाचवीतली मुलगी रोज दुपारी कुलपापुढे उपाशी बसत होती, आणि मी आत खिचडीचा चमचा तोंडात घालून नोंदवहीत 'चव चांगली' असं लिहीत होते.

माफी मागून मोकळी होण्याचा मला हक्क नाही. शब्द मात्र देते. उद्या परिपाठाला मी सगळ्या मुलांसमोर उभी राहून सांगणार आहे की हौसाबाईंनी कधीच चोरी केली नाही, ते तांदूळ मुलांच्याच ताटात पडायचे, आणि चोर म्हणणारी मी खोटी होते. शनिवारी समितीपुढे हेच बोलेन आणि तसं लिहून सही करेन. कुणाच्या घरच्या रविवारबद्दल अवाक्षर काढणार नाही, ते तुम्ही सांभाळलंत तसंच राहील. यापुढे सोमवारी जास्तीचे तांदूळ उघड उघड पडतील, वरून विचारणा झाली तर उत्तर मी देईन.

रेखा उद्यापासून भाकरी बांधून देणार आहे. मधल्या सुट्टीत मी तुमच्या ओट्यावर जाईन आणि स्वातीची माफी मागेन. आमच्या पंगतीत ये, असं तिला एकदाच म्हणेन. ती नाही म्हणाली तर जबरदस्ती करणार नाही. तिच्या आज्जीला चोर म्हणणारीच्या हातचं तिने का खावं?

तुमची अपराधी,
सुनंदाबाई