पाठ केलेली वळणं

प्रिय आप्पा,

फर्स्ट शिफ्ट संपवून चाकणच्या खोलीवर आलेय आणि डबा न उघडताच लिहायला बसलेय. आज बुधवार. रविवारच्या रॅलीत माझ्या शेजारी नेव्हिगेटर म्हणून कोण बसणार, हे शुक्रवारी पाचपर्यंत आयोजकांना कळवायचंय. सध्या तिथं तुमचं नाव आहे. मी रागावलेय, आप्पा. गोड बोलायचं ठरवलं तरी आज जमायचं नाही.

कंपनीच्या टेस्ट ट्रॅकवर अजूनही जुनी माणसं मला नावानं ओळखत नाहीत. सयाजीरावांची पोरगी, एवढंच. तुम्ही टू-स्ट्रोक गाडी चिखलातून कशी उडवायचात, हे ते मलाच रंगवून सांगतात. बाराव्या वर्षी तुम्ही मला मैदानात बाइकवर बसवलंत, तर आई आठ दिवस तुमच्याशी बोलली नव्हती. डर्ट ट्रॅकवर खांदा निखळला तेव्हा तुम्हीच म्हणालात, आता चार चाकांवर बस बये. मग कार्टिंग झालं, मग चेन्नईचं सर्किट. पण तीच ती वळणं गरागरा फिरायचा मला कंटाळा आला आणि मी रॅलीत उतरले. तुम्ही लगेच गॅरेजला कुलूप लावून शेजारी येऊन बसलात. पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे, वळणांची वही परक्याच्या हातात देणार नाही म्हणालात. केवढी फुशारले होते मी तेव्हा!

शर्यतीआधी रस्ता बघायला, रेकीला, आपण हळू जातो, मी वळणं सांगायची, तुम्ही लिहायची, ही रीत. शर्यतीत तुम्ही वाचता आणि मी ऐकते. पुढचा रस्ता मला दिसत नसतो, तुमचा आवाज तेवढा असतो. गेल्या महिन्यात तिसऱ्या स्टेजला तुम्ही डावं सहा म्हणालात. सहा म्हणजे सुसाट जायचं, म्हणून मी पाय उचललाच नाही. वळण होतं दोनचं, गाडी जवळजवळ उभी करून घ्यायचं. आपण दरीच्या कडेच्या दगडावर अडकलो, तो दगड नसता तर हे पत्र लिहायला मी नसते. तुम्ही म्हणालात, ओळ चुकली गं, वय झालं. मीही हसून सोडून दिलं.

गाडी दुरुस्त करताना ती वही सापडली. दुसऱ्या रेकीला मी स्वतः, तोंडानं काही न सांगता, सहा खोडून लाल शाईनं हे एवढं मोठं दोन लिहिलं होतं. ते आंधळ्यालाही दिसलं असतं, असं मी रागानं मोठ्यांदा म्हणाले आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. गेलं वर्षभर वहीत अक्षर माझं आहे, आप्पा. चष्मा विसरलो, हात थरथरतो, तूच लिही, असं करत तुम्ही पेन माझ्याच हातात देत आलात. आणि आई कौतुकानं सांगायची, तुझे आप्पा हल्ली दिवसभर कानात ते घालून आळंदीची कीर्तनं ऐकतात. कसली कीर्तनं! रेकीला मोबाइल चालू ठेवून तुम्ही माझाच आवाज भरून घेत होता आणि घोकत होता.

तरी खात्री करून घ्यायची होती. सोमवारी घरी आले, रविवारच्या स्टेजची तालीम करू म्हणाले आणि तुमच्या हातात मुद्दाम मागच्या वर्षीची वही दिली. तुम्ही पानं उलटत उलटत रविवारची स्टेज घडाघडा वाचलीत. चाळीस वळणं, एक चूक नाही. मी चहा करते म्हणून आत गेले ती रडायला. खरं सांगू? तेव्हाही एक क्षण मनात आलं, एवढं पाठ आहे तर रविवार काढू, ही रॅली जिंकली तर मोठ्या टीमची सीट मिळणार आहे. त्या विचाराची मला आता लाज वाटते. घाटात परवा कुणी खडी टाकली, कुठं कडा ढासळला, तर ते ऐन वेळी वहीत लिहून घेता येतं. तुमच्या पाठांतरात कसं लिहायचं?

तुमच्या जागी बसायला मिनलला विचारलंय मी. ती चांगली वाचते, तुमच्याइतकी नाही. तिच्यासोबत कदाचित पाचवी येईन, सहावी येईन. येऊ दे. पण तुमचं नाव मी खोडणार नाही, ते तुम्ही खोडायचं. शुक्रवारी पाचच्या आत आयोजकांना स्वतः फोन करायचा. नाही केलात तर रविवारी गाडी ट्रेलरवरून खाली उतरणार नाही, मग सीट गेली तरी चालेल.

आणि आई, आता तुझ्याशी बोलते. पाकीट तुझ्याच हातात द्यायला मी मिनलला बजावलं होतं. मला माहीत होतं, आप्पा म्हणतील, चष्मा कुठं गेला कोण जाणे, कुसुम, तूच वाच. तुला हे सांगायचं त्यांना वर्षभर धाडस झालं नाही, आणि तुझ्यासमोर तोंड उघडायचं मलाही झालं नाही, म्हणून हे पत्र. मध्येच वाचायची थांबली असशील, तरी त्यांच्यावर ओरडू नकोस. उद्या सकाळी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. जिना उतरताना हात धर त्यांचा, नको म्हणाले तरी सोडू नकोस.

तुम्हा दोघांचीच,
वर्षाली