तिचं पोट पाहायचं राहिलं

३ फेब्रुवारी
मांजरांना खाऊ घालता म्हणून सोसायटीच्या शिव्या खाणाऱ्या शेजाऱ्यांनो, ही वही तुमच्यासाठी. लेकीकडे बेळ्ळंदूरला कायमची राहायला आले, चौथा मजला, खिडकीतून तळ्याचा तुकडा दिसतो. मी खूश आहे. लिफ्टमध्ये मात्र नोटीस: मांजरांना खाणं घालू नये. आज सभेत वीस मिनिटं बोलले. उपाशी मांजर जात नाही, कचरा उपसतं. नसबंदी करा, पकडलं तिथेच सोडा, संख्या आपोआप आटेल. टाळ्या पडल्या. वॉचमन महांतेश निपाणीकडचा. म्हणाला, प्रमोदिनी अक्का, हे मांजरांनाही एकदा ऐकवा.

८ फेब्रुवारी
रोज सकाळी सातला, एकाच जागी अकरा ताटल्या. दहा जणांची नसबंदी झाली; ओळखायला डाव्या कानाचं टोक कापलेलं. राहिली फक्त राखाडी, आमच्या बी ब्लॉकच्या डक्टमध्ये, बाथरूममागच्या पाइपांच्या बोळात राहणारी. वास येतो म्हणून त्या डक्टची खालची फट परवा बुजवायची आहे.

९ फेब्रुवारी
राखाडी पिंजऱ्यात सापडली. दवाखान्याची गाडी हॉर्न देत होती. महांतेश म्हणाला, स्वल्प थांबा अक्का, पोट बघा तिचं, दूध असेल. मी पिंजऱ्यावर चादर टाकली. म्हटलं, डॉक्टर बघतील.

१० फेब्रुवारी
फट विटांनी बुजवली. सेक्रेटरी सुहास यांनी संमतीची सही मागितली. मी केली.

११ फेब्रुवारी
डॉक्टर पवित्रांचा फोन. कान कापून झाल्यावर राखाडीचा श्वास थांबला. तिला दूध होतं. पिल्लं कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं.
संध्याकाळी मीच तिला शेवग्याखाली पुरलं. मग नव्या विटांना कान लावला. तीन आवाज. सुहास म्हणाले, मॅडम, पाइप वाजतो. भिंत फोडायची तर रविवारच्या सभेत विषय घ्या. महांतेशकडे पहार मागितली. अवजारांच्या खोलीची किल्लीही सुहासकडेच.

१५ फेब्रुवारी
सभेत बोलले. सहा दिवस दुधाविना, अजून रडताहेत, चला, ऐका. कुणी आलं नाही. पाइप, असं कागदावर नोंदलं. टाळी नाही.
आता आवाज थांबायला हवा होता. वाढतोय.

१६ फेब्रुवारी
सकाळी सात. दहा मांजरं ताटल्यांकडे पाठ करून बसली. तोंडं विटांकडे. विटांपाशी अकरावी. राखाडी. डावा कान ताजा कापलेला.
महांतेशनेही पाहिली. शिट्टी टेबलावर ठेवून निपाणीच्या बसला गेला.
दुपारी आवाज चौथ्या मजल्यावर. माझ्या बाथरूममागे. नखं — आतून. भिंत ओली आहे. दुधाचा वास.

१७ फेब्रुवारी
शेवग्याखालची माती उकरलेली नाही. मी पाहिलं. तरीही —
विटांपाशी बसले आहे. नखांनी फुटत नाही. भर दुपार, सगळे ऑफिसात. पिल्लं एकाएकी गप्प.
राखाडी मांडीवर आली. वजन नाही. पंजांनी माझं पोट चाचपते आहे, सावकाश, पुन्हा पुन्हा. मी जे करायला हवं होतं ते —
शेजाऱ्यांनो, मी चुकले, शिक्षा माझी. तुम्ही एवढंच करा. पहार घ्या, बी ब्लॉक, खालच्या नव्या विटा, आजच फोडा. आधी त्यांना बाहेर काढा, मग मला या विटांआड —